अ श्रेणीची शाळा

आमच्या घरात दोन आवाज होते. एक चक्कीचा आणि एक माझा. चक्की पुढच्या खोलीत होती. लाइन आली की आई हातातलं काम तसंच टाकून मोटर सुरू करायची, कारण वीज पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नसे. पट्टा फिरायला लागला की अख्खं घर बारीक थरथरायचं. ज्वारीच्या गरम पिठाचा वास माजघरापर्यंत यायचा आणि आईच्या भुवया, पापण्या, कानामागचे केस पांढरे व्हायचे. त्या आवाजाच्या वर माझा आवाज. मी धडे म्हणायची. मराठीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कविता, स्वाध्यायातले प्रश्नसुद्धा. दळण घेऊन आलेल्या बायका म्हणायच्या, "मास्तरीनबाई, पोट्टी कलेक्टर होईन बाप्पा तुमची." आई पिठाचा डबा हलवून त्यावर झाकण ठेवायची.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली शाळा अजून चालू आहे आणि आताच्या शिक्षकांचा यात काही संबंध नाही. पुलगावहून निघालेली एसटी आम्हाला फाट्यावर सोडायची, तिथून कपाशीच्या वावरांमधून पायी यावं लागे. दारूगोळ्याच्या डेपोच्या बाजूनं कधी दुपारी दबका धमाका ऐकू आला की फळीवरच्या वाट्या किणकिणत; मान वर करून कुणी पाहत नसे. बाबा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच. तिसरी-चौथी बाबांकडे, पहिली-दुसरी ढोले बाईंकडे. बाबांचे कपडे नेहमी कडक इस्त्रीचे. चक्कीच्या खोलीतून ते श्वास रोखून आणि बाह्या सांभाळून जायचे. गुरुजीच्या घरात चक्की असावी हे त्यांना फारसं आवडत नव्हतं. पण वर्ध्याला शिकत असलेल्या दादाचा खर्च कुठून भागतो हेही त्यांना माहीत होतं, त्यामुळे तो विषय घरात निघत नसे.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, तांबड्या रंगात एक मोठं अक्षर होतं. श्रेणी: अ. मुलांना वाचता किती येतं, लिहिता किती येतं, गणित किती जमतं, हे दरवर्षी तपासून पंचायत समितीकडून शाळांना श्रेणी मिळायची. आसपासच्या शाळांच्या आमच्या केंद्रात आमची एकटीच शाळा अ. पंचायत समितीच्या सभेत बाबांना उभं करून विचारत, गुरुजी, तुम्ही काय करता ते इतरांना सांगा. त्या दिवशी ते पुलगावहून गरम समोसे घेऊन येत. कागदाला तेल सुटलेलं असे, आणि ते कागदासकट आईच्या हातात देताना त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आनंद लपवायचा प्रयत्न करणारा माणूस कसा दिसतो, ते मी तिथं पाहिलं.

आता माझ्याबद्दल. मी चौथीत होते आणि मला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखता यायची, एकेकटी. पण ती ओळीत उभी राहिली की खालच्या ओळीतली वर यायची, मागची पुढे जायची, काना कुणाचा आणि वेलांटी कुणाची ते कळेनासं व्हायचं. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं आणि बाकीचे जास्त प्रयत्न करतात. ऐकलेलं मात्र मी विसरत नसे. वर्गात दुसऱ्यानं धडा एकदा वाचला की तो माझा झाला. मग पुस्तक उघडून, योग्य वेळी पान उलटून, मी तो म्हणून दाखवायची. पान उलटण्याची वेळसुद्धा मला पाठ होती. यात फसवणूक आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं. वाचणं म्हणजे हेच, अशीच माझी समजूत होती. पुढे नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी या प्रकाराला नाव दिलं. नाव मिळाल्यानं फरक असा पडला की मी लोकांना थोडक्यात सांगू शकते. हे प्रकरणही मी मोबाइलला तोंडी सांगते आहे आणि माझी मुलगी त्यातल्या चुका दुरुस्त करते आहे. तिच्या शाळेची प्रगती मला मोबाइलवरच रंगीत आलेखात येते. आलेख मला चांगले वाचता येतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर बातमी आली की या खेपेला तपासणी केंद्रातले लोक करणार नाहीत. वर्ध्याहून बाहेरचे लोक येतील, हजेरीपटावरून नावं घेतील आणि प्रत्येकाला न पाहिलेला उतारा वाचायला देतील. ढोले बाई त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. शाळा लहान, पोरं थोडी, त्यात एक-दोन अडली तरी श्रेणी घसरणार, हा हिशेब त्या पुन्हा पुन्हा मांडत होत्या. बाबा ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"निमे, इकडे ये. हे वाच बरं."

गूळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा होता. मी तो हातात धरला. मला वाटलं बाबा आधी एकदा वाचून दाखवतील. ते वाट पाहत राहिले. मीही वाट पाहत राहिले.

"वाच ना."

"तुमी सांगा ना आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून माझं मराठीचं पुस्तक आणलं, मधलंच एक पान उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी त्या पानावरचा धडा सुरुवातीपासून म्हणायला लागले. "तसं नाई. हा शब्द. फक्त हा." मी त्यांच्या बोटाकडे पाहत राहिले. त्यांनी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, तिसऱ्या. आत चक्की चालू होती. मला आठवतं ते एवढंच की त्यांचं बोट त्या शब्दावरून बराच वेळ हललं नाही. ते रागावले नाहीत. पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं आणि म्हणाले, "परवा तू आत्याकडे जाजो हिंगणघाटले. दोन दिवस राहून येजो." मला आनंद झाला. आत्याकडे रंगीत टीव्ही होता.

ही गोष्ट कदाचित तिथंच संपली असती. पण दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई दळण घेऊन आली. तिची दुर्गी तिसरीत होती. घरी बकऱ्या, बाप कामाला कधी इकडे कधी तिकडे, त्यामुळे दुर्गी शाळेत यायची तशी आणि न यायचीही तशी. वच्छलाबाई चक्कीशेजारी उकिडवी बसून आईला आवाज चढवून सांगत होती, "बरं झालं बाई, गुरुजीनंच सांगतलं उद्या दुर्गीले पाठवू नको म्हणून. साहेब लोक येऊन राह्यले म्हणे. म्हणलं चाला, बकऱ्यायमागं जाईन पोट्टी."

आईनं मोटर बंद केली. दळण अर्धं राहिलं होतं आणि लाइन होती. असं तिनं कधी केलं नव्हतं. पट्टा फटफट करत थांबला.

"कोण सांगतलं?"

"गुरुजी आले होते ना घरी सकाळी. अन् त्या तिकडच्या दोन पोट्ट्यायलेबी सांगतलं."

"बरं," आई म्हणाली आणि मोटर पुन्हा सुरू केली.

संध्याकाळी ती स्वयंपाकाला बसली. सोल्याची भाजी होती. तुरीचे हिरवे दाणे वाटून केलेल्या त्या भाजीचा वास मला आजही त्या भांडणाचा वास वाटतो, जरी त्याला भांडण म्हणणं तितकंसं बरोबर नाही. आईचा आवाज चढला नाही. भाकर थापता थापता, तव्याकडेच पाहत ती म्हणाली,

"निमीले आत्याकडे कायले पाठवून राह्यले?"

बाबांनी सांगितलं. तिला वाचता येत नाही, हे त्यांनी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. मी भिंतीला टेकून बसले होते. मला ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

"अन् दुर्गीले?"

बाबा म्हणाले, "तुले नाई समजत ते. दुर्गी आली तेव्हा तिले खडू धरता येत नव्हता. आता स्वतःचं नाव लिहिते. अर्धी ओळ वाचते. मेहनत केली मी तिच्यावर. पण त्याहिच्या कागदावर ते येते का? उतारा वाचला का नाई वाचला, एवढंच हाय तठी. कुठून निघाली अन् कुठवर आली, हे कोणी विचारत नाई. मोजाचंच हाय तर दोन्हीकडून मोजा ना."

"मंग हे त्याहिले सांगा."

"कोण ऐकते माझं?"

"दरवर्षी उभं करून विचारते ना तुमाले. तवा ऐकतेच ना."

भाकर फुगली, तिनं ती उलटली. "इतके दिवस लोकाची लेकरं घरी ठेवली, तवा मले कळलं नाई. आता घरचं पाठवाची वेळ आली म्हणून कळलं. तुमी पाठवा तिले आत्याकडे. पण मंग वच्छलाबाईले मी काय सांगू? ती रोज माझ्यासमोर बसते."

बाबा म्हणाले श्रेणी गेली तर बदली होईल. पार कारंजाच्या टोकाला टाकतील. दादाचं शिक्षण, चक्की, घर, सगळं इकडे. आईनं त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, "होऊ द्या." या दोन शब्दांत तिनं पुढची काही वर्षं स्वतःच्या अंगावर घेतली होती. ते मला त्या वयात कळायचं कारण नव्हतं. मी टीव्हीचा विचार करत होते.

सकाळी माझी पिशवी दाराशी तयार होती. बाबा उठून, अंघोळ करून, न सांगता बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पायजम्याच्या टोकाला गोखरूचे काटे चिकटले होते. ते वच्छलाबाईच्या घरी जाऊन आले होते आणि दुर्गी तोवर बकऱ्या घेऊन निघाली होती, म्हणून वावरापर्यंतही. पिशवीकडे पाहून ते मला म्हणाले, "वेणी घाल. शाळेत जाचं हाय." मी रडले. हिंगणघाटसाठी रडले.

वर्ध्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. फिकट निळा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, त्यात चित्रं आणि उतारे असलेली जाड कार्डं. नियम असा होता की शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबायचं. बाबा खिडकीपाशी उभे राहिले, गजांच्या पलीकडे, पाठ आमच्याकडे करून. ढोले बाई खिचडीच्या भांड्याशी जाऊन बसल्या. मॅडम एकेकाला पुढे बोलवत. दुर्गीच्या केसात कुसळं होती. तिनं तिच्या कार्डावरची अर्धी ओळ वाचली, एकेक अक्षर ढकलत, आणि थांबली. मॅडम "छान" म्हणाल्या आणि रकान्यात काहीतरी लिहिलं. दुर्गी जागेवर येऊन माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं होतं आपण पास झालो.

माझं नाव आलं. माझ्या कार्डावर विहिरीचं चित्र होतं, काठावर एक बाई, शेजारी कुत्रं. मी कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि सुरू झाले. एका गावात एक बाई होती, तिचं कुत्रं विहिरीत पडलं, मग तिनं दोर सोडला, गावकरी धावत आले. मी धड्याच्या आवाजात, जिथं थांबायचं तिथं थांबत, शेवटपर्यंत गेले. वर्ग ऐकत होता. मॅडमही ऐकत होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. आता मला बोट ठेवून दाखव, कुत्रं कुठं लिहिलंय?"

मी चित्रातल्या कुत्र्यावर बोट ठेवलं.

कुणी हसलं नाही. मला ते आवर्जून लिहावंसं वाटतं. मी वर्गातली हुशार मुलगी होते, आणि त्यांना काय झालं तेच कळलं नाही. मॅडमनी कार्ड बदललं, सोपं दिलं. मग आणखी सोपं. मग मी म्हणाले, "मले वाचता येत नाई." मोठ्यानं म्हणाले, कारण मला सगळं मोठ्यानं म्हणायची सवय होती.

मॅडमनी हजेरीपटावर माझं पूर्ण नाव पाहिलं आणि खिडकीकडे पाहिलं. आडनाव जुळलं असावं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. मी पुढेच उभी होते, मला ऐकू आलं.

"सर, ही तुमची मुलगी ना? मी गैरहजर लावू शकते. तिला बरं नाही म्हणून. मी कुठं बोलणार नाही."

बाबा वळले. त्यांनी रुमालानं मान पुसली. त्यांची नजर मॅडमवर होती, माझ्यावर नव्हती. बोलायला त्यांना जितका वेळ लागला तितका वेळ मागे वर्गात कुणीतरी पाटीवर पेन्सिल ओढत होतं, तो कर्र आवाज येत राहिला.

"हजर हाय ती," बाबा म्हणाले. मग बाहेरच्या लोकांशी बोलायची त्यांची भाषा त्यांना आठवली. "हजर आहे, मॅडम. हजरच लिहा."

त्या दुपारी बाबांनी आमच्यात बसून खिचडी खाल्ली. एरवी ते घरून डबा आणत. संध्याकाळी आईनं डाळीचे गोळे घालून गोळाभात केला आणि काय झालं हे विचारलं नाही. दळणाच्या निमित्तानं वच्छलाबाई आधीच येऊन गेली होती.

शाळेला क श्रेणी मिळाली. एकदम दोन पायऱ्या खाली. पंचायत समितीच्या सभेत बाबांना नेहमीप्रमाणे उभं केलं गेलं. साहेबांनी विचारलं, तुमच्या स्वतःच्या मुलीला वाचता येत नाही तर गावाची मुलं काय वाचणार? हे बाबांनी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी समोसे नव्हते.

"तुमी बोललात का मंग? दोन्हीकडून मोजाचं ते?"

"बोललो."

"मंग?"

"बसा म्हणले."

आईनं चहा गाळला.

भिंतीवरचं अक्षर खोडून जागा रिकामी ठेवा, असं सरपंचांचं म्हणणं होतं. बाबांनी पुलगावहून पेंटर बोलावला आणि तांबड्याच रंगात, त्याच आकारात क लिहून घेतला. पेंटरनं विचारलं, गुरुजी, हे मोठं कशाला लिहिता? बाबा म्हणाले, आधीचं मोठं होतं म्हणून. उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला. कारंजाच्या बाजूलाच. तिथं ते खोली करून राहू लागले आणि शनिवारी दुपारी एसटीनं घरी येऊ लागले, धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन. त्यांच्या शर्टांची इस्त्री गेली. आईची चक्की सकाळीही चालू लागली.

मी पाचवीला पुलगावच्या शाळेत गेले. पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी फाट्याकडे जाताना मला दुर्गी दिसली. बकऱ्या घेऊन वावरांमधल्या पांदणीनं चालली होती. नव्या सरांनी सुट्टी दिली म्हणाली. काही दिवसांनी भिंतीवर पुन्हा अ आला. यात मला तेव्हा अन्याय वगैरे वाटला नाही. दुर्गीला सुट्टी आणि मला शाळा, याचाच राग आला होता. दुर्गी चौथीनंतर शाळेत गेली नाही. ती आता आर्वीकडे असते. लग्नकार्यात भेटलो की माझ्या हातातली पर्स आधी हक्कानं ओढून घेते आणि मग बोलते.

बाबा रविवारी मला घेऊन ओट्यावर बसायचे. पहिले काही महिने त्यांनी मला तसंच शिकवलं जसं ते सगळ्यांना शिकवत, आणि काही झालं नाही. मग एकदा त्यांनी विचारलं, "तुले नेमकं दिसते काय?" मला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की खालची ओळ वर येते. त्यांनी बराच विचार केला. पुढच्या शनिवारी ते साबणाच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन आले. त्याच्या मध्ये ब्लेडनं एक खिडकी कापली होती, एका शब्दापुरती. पुठ्ठा पानावर ठेवायचा आणि सरकवायचा. बाकी सगळं झाकलेलं. कुठल्या पुस्तकात त्यांनी हे वाचलं नव्हतं. त्यांना सुचलं. त्या खिडकीतून मला वाचता यायला दोन पावसाळे गेले, आणि अजूनही मी दमले असले की ओळी सरकतात.

बाबा निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. आई गेली. चक्की दादानं विकली. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, पीठ नसताना. गेल्या हिवाळ्यात मी हिंगणघाटच्या माझ्या घरून चार दिवस बाबांकडे राहायला गेले होते. मागच्या अंगणात ऊन होतं. आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. बाबांची बोटं आता जड झाली आहेत. त्यांची एक शेंग होईपर्यंत माझ्या तीन होतात. हे प्रकरण लिहायचं माझ्या मनात होतं, म्हणून मी विचारलं,

"बाबा, तुमी त्या मॅडमले हजर लिहा काऊन म्हणलं? आईमुळं?"

ते सोलत राहिले. "त्या मॅडमनं विचारलं म्हणून."

"म्हणजे?"

"तिनं विचारलं नसतं, आपल्या मनानंच गैरहजर लावलं असतं, तर मी तसाच उभा राह्यलो असतो. पाठ करून. मले काही दिसलंच नसतं." एक दाणा घरंगळत गेला, तो त्यांनी वाकून उचलला. "विचारलं तर मंग सांगावं लागते."

मी त्यांना म्हटलं, "खरं सांगू का? मले तवा वाटत होतं, लावू द्यावं गैरहजर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आता कमी दिसतं, त्यामुळे ते जरा जास्तच वेळ पाहतात.

"मलेबी," ते म्हणाले, आणि पुढची शेंग हातात घेतली.